कुवेती दिनार एवढा महाग का, आणि पगार दिनारमध्ये मिळणार असेल तर काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणजवळच्या एका गावातल्या 24 वर्षांच्या एसी मेकॅनिकला कुवेतमधून महिना 150 दिनारची नोकरी चालून आली आहे. एजंट त्याला म्हणतो, "जगातलं सगळ्यात महाग चलन आहे, डोळे झाकून जा." त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दिनार एवढा महाग कसा झाला? 150 दिनार हा खरंच चांगला पगार आहे का? आणि आजोबांच्या ट्रंकेत दहा रुपयांची एक लाल नोट सापडली आहे, नंबराच्या आधी इंग्रजी झेड छापलेला आहे, ती खोटी आहे का?

मी 1995 ते 2022 कुवेतमध्ये पैसे पाठवण्याच्या धंद्यात होतो. आधी एक्स्चेंजच्या काउंटरवर, मग आत हिशेबाच्या टेबलावर. आपल्या रत्नागिरी, रायगडची शेकडो माणसं पगाराच्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली आहेत, त्यामुळे हे तीनही प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. सुरुवात तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्या लाल नोटेतच आहे.

ती नोट बहुतेक खरी आहे. ती आखाती रुपयाची, म्हणजे गल्फ रुपयाची नोट आहे, आणि ती काढली होती आपल्याच रिझर्व्ह बँकेने.

तेल सापडण्याच्या कितीतरी आधीपासून कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत या सगळ्या किनाऱ्यावर हिंदुस्थानचा रुपया चालायचा. ब्रिटिशांचा आखातातला कारभार मुंबई आणि पुढे दिल्लीच्या सरकारमार्फत चाले हे एक कारण. पण मोठं कारण व्यापाराचं. कुवेतची 'बूम' नावाची मोठी शिडाची गलबतं बसऱ्याहून खजूर भरून मुंबईला आणि खाली मलबारपर्यंत यायची, परत जाताना सागवान, तांदूळ, चहा, काथ्या घेऊन जायची. आखातातले मोतीही विकले जायचे ते मुंबईच्या बाजारात. कुवेतच्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, त्यांची मुलं मुंबईत शिकायची. जिथे माल विकायचा तिथलंच नाणं घरी येतं. म्हणून कुवेतमध्ये मजुरी, भाडं, मेहर, उधारी सगळं रुपया आणि आण्यात मोजलं जायचं. आजही बहरीनमधली जुनी माणसं 100 फिल्सच्या (फिल्स म्हणजे दिनारचा हजारावा भाग) नाण्याला 'रुबिया' म्हणतात, आणि ओमानचा रियाल 1000 'बैसां'चा असतो. बैसा म्हणजे आपला पैसाच.

स्वातंत्र्यानंतर भारताने सोन्याची आयात बंद केली. जगात सोनं स्वस्त आणि मुंबईत खूप महाग अशी स्थिती झाली. मग आखातातून सोनं गलबतांत भरून कोकणच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावर उतरू लागलं. सोन्याची किंमत रुपयाच्या नोटांमध्ये चुकती व्हायची, त्या नोटा आखातात पोचायच्या, तिथल्या बँकांत भरल्या जायच्या, आणि त्या बँका रिझर्व्ह बँकेला म्हणायच्या की हे तुमचे रुपये घ्या आणि आम्हाला पौंड द्या. नोटा एकसारख्या असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. भारताची परकीय गंगाजळी अशी झिरपत होती.

म्हणून 1959 मध्ये कायदा दुरुस्त करून फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. चित्र तेच, पण रंग निराळे आणि नंबराच्या आधी झेड. एक रुपया आणि दहा रुपये लाल, पाच नारिंगी, शंभर हिरवी. भारतात त्या चालत नव्हत्या. त्या काळी भारताच्या सगळ्या नोटा नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापल्या जात. तेव्हा तुमच्या आजोबांची ती नोट नाशिकहून आखातात आणि आखातातून पुन्हा चिपळूणला असा प्रवास करून आलेली असणार. ती उलटी करून पाहा, मागे शिडाचं गलबत असेल. कुवेतच्या आजच्या प्रत्येक नाण्यावरही बूमचंच चित्र आहे. काउंटरवर सुटी नाणी मोजताना मला दर वेळी हरणैच्या बंदराची आठवण व्हायची.

आता दिनारकडे येऊ. कुवेतने 1 एप्रिल 1961 रोजी स्वतःचं चलन सुरू केलं. पूर्ण स्वातंत्र्य त्यानंतर अडीच महिन्यांनी, 19 जूनला आलं. नवं चलन काढताना पहिला प्रश्न असतो की एकक केवढं धरायचं. कुवेतने एक दिनार म्हणजे एक ब्रिटिश पौंड असं धरलं. तेव्हा एक पौंड म्हणजे 13⅓ रुपये. म्हणून गल्फ रुपयाच्या 13⅓ रुपयांच्या बदल्यात एक दिनार मिळाला. दिनारचे भाग केले हजार, त्यांना फिल्स म्हणतात. एक रुपया म्हणजे 75 फिल्स.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. दिनार जन्मला त्या दिवशीच तो 'महाग' होता, कारण त्यांनी मोठं माप निवडलं. पायलीने मोजलेलं धान्य शेराने मोजलेल्यापेक्षा जास्त पौष्टिक होत नाही. कुवेतने पौंडाऐवजी रुपयाएवढंच एकक ठेवलं असतं, तर 2024 मध्ये तो 'कुवेती रुपया' आपल्या साधारण 20 रुपयांचा असता आणि जगातल्या महाग चलनांच्या यादीत त्याचं नावही दिसलं नसतं. देश मात्र तेवढाच श्रीमंत असता. बहरीनने 1965 मध्ये दिनार काढला तो दहा रुपयांच्या मापाचा, म्हणून त्यांचा आकडा थोडा लहान. जपानच्या येनची किंमत आपल्या एका रुपयाहून कमी आहे, म्हणून जपानला कोणी गरीब म्हणत नाही. एजंटच्या वाक्याचा निम्मा भाग इथेच गळून पडतो.

उरलेला निम्मा भाग मात्र खरा आहे, आणि तो कुवेतबद्दल आदर वाटावा असा आहे. मोठं माप निवडणं सोपं. ते साठ वर्षं टिकवणं कठीण.

1961 मध्ये एक दिनार म्हणजे 2.80 डॉलर. 2024 मध्ये एक दिनार म्हणजे सुमारे 3.25 डॉलर. मधल्या काळात एक तेलसंकट, एक शेअरबाजाराची पडझड आणि एक युद्ध होऊन गेलं, तरी डॉलरच्या मानाने दिनार थोडा वरच गेला. आता आपल्याकडचं पाहा. 1961 मध्ये डॉलरला 4.76 रुपये पडायचे, 2024 मध्ये 83 च्या वर. म्हणजे डॉलर साडेसतरा पटीने महाग झाला. दिनार 13⅓ रुपयांवरून 270 रुपयांच्या आसपास आला, म्हणजे वीस पटींहून थोडा जास्त. या वीस पटींतला जवळजवळ सगळा हिस्सा रुपयाच्या घसरणीचा आहे, दिनारच्या चढण्याचा अगदी थोडा. काउंटरवर लोक आनंदाने म्हणायचे, "दिनार वाढला." मी शक्य तेव्हा सांगायचो, दिनार जागेवरच आहे, आपला रुपया खाली गेला आहे, आणि त्याच रुपयात तुमच्या घरचं किराणा बिल येतं.

ज्या पौंडाच्या मापाने दिनार सुरू झाला, त्या पौंडाचं काय झालं? नोव्हेंबर 1967 मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, 2.80 डॉलरवरून 2.40 वर. कुवेत त्यांच्यामागे गेलं नाही. दिनारचं सोन्यातलं मूल्य 2.48828 ग्रॅम होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं. तिथे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 2024 मध्ये एका दिनारला अडीच पौंड मिळत होते. पौंडाच्या अवमूल्यनाच्या आदल्या वर्षी, 6 जून 1966 रोजी, भारतानेही रुपयाचं अवमूल्यन केलं होतं, डॉलर 4.76 वरून साडेसातवर गेला. आखातातल्या ज्या संस्थानांत तोवर गल्फ रुपया चालत होता त्यांच्या तिजोरीतल्या पैशाची किंमत एका रात्रीत एक तृतीयांशाहून जास्त उतरली. कतार, दुबई वगैरे त्यानंतर बाहेर पडले, ओमान 1970 मध्ये. कुवेत पाच वर्षं आधीच निघालं होतं, म्हणून वाचलं.

टिकण्यामागे तेल आहेच. पण तेल इराककडेही आहे, लिबियाकडेही आहे. कुवेतने केलं ते असं की तेलाचा पैसा आला तसा बाहेर गुंतवला. त्यासाठीचं मंडळ लंडनमध्ये 1953 मध्येच, म्हणजे दिनारच्याही आधी स्थापन झालं होतं. 1976 मध्ये सरकारी उत्पन्नाचा दहावा भाग पुढच्या पिढ्यांच्या निधीत टाकायचा कायदा केला. दिनारच्या मागे ही साठवण उभी आहे. 1982 मध्ये तिथल्या 'सूक अल-मनाख' नावाच्या अनधिकृत शेअरबाजारात पुढच्या तारखांचे चेक देऊन सट्टा चालला होता. तो कोसळला तेव्हा थकलेल्या चेकांची बेरीज 90 अब्ज डॉलरच्या वर गेली. एवढ्या लहान देशात एवढं मोठं भगदाड पडूनही चलन ढासळलं नाही.

मग 2 ऑगस्ट 1990. इराकी फौजा आल्या. त्यांनी कुवेती दिनार आणि इराकी दिनार एकास एक असं फर्मान काढलं, आणि थोड्याच दिवसांत कुवेती दिनार रद्दच केला. बाजारात दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक होता. म्हणजे लोकांच्या खात्यातली आयुष्यभराची कमाई कागदावर तेवढीच राहिली आणि प्रत्यक्षात उडाली. मध्यवर्ती बँकेतल्या नोटा इराकी घेऊन गेले.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ त्या ऑगस्टमध्ये तिथेच होते. वाळवंटातून बसने अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या महिन्यांत लाखाहून अधिक भारतीय असे परत आले. ते सांगायचे की बनियनच्या आत शिवलेल्या पिशवीत दिनार होते, पण वाटेत पाण्याच्या बाटलीसाठीही ते कोणी घेईना. चार दिवसांपूर्वी ज्या नोटेला जगात सगळ्यात जास्त भाव होता, तिच्याबद्दल दुकानदार म्हणायचा, "हे आता कुठल्या देशाचे?"

सुटका फेब्रुवारी 1991 च्या शेवटी झाली. निर्वासित सरकारने आणि मध्यवर्ती बँकेने बाहेर राहून तयारी करून ठेवली होती. 24 मार्च 1991 ला नव्या रंगाच्या नोटा चलनात आल्या. इराकने नेलेल्या नोटांचे क्रमांक बाद ठरवले, जुन्या मालिकेच्या बाकीच्या नोटा त्याच वर्षी सप्टेंबरअखेर परत घेतल्या, आणि लोकांच्या ठेवी आक्रमणापूर्वीच्या आकड्यांवर कायम धरल्या. माझ्या सहकाऱ्याच्या खात्यातला शेवटचा फिल्ससुद्धा जिथे होता तिथे निघाला. त्यांनी तो पासबुकाचा कागद मला दाखवला होता, घड्या पडून मऊ झालेला.

हा इतिहास वाकवून आज एक फसवणूक चालते, तिच्यापासून सावध राहा. इराकी दिनार विकणारे लोक सांगतात की युद्धानंतर कुवेती दिनार कवडीमोल झाला होता, मग एकदम त्याची किंमत वाढवली आणि ज्यांनी घेऊन ठेवले ते कोट्यधीश झाले, तसंच आता इराकी दिनारचं होणार आहे. तसं काही झालेलं नाही. कुवेतने कुठलीही चमत्कारी किंमतवाढ केली नाही, आधीचा दर परत आणला एवढंच. कोणी गठ्ठ्याने इराकी नोटा देऊ केल्या तर हात लावू नका.

आता दर कसा ठरतो ते. दिनार हा बाजारात मोकळा सोडलेला नाही. 1975 पासून तो एका टोपलीला बांधलेला होता. टोपली म्हणजे कुवेतचा ज्या देशांशी व्यवहार आहे त्यांच्या चलनांची वजनं लावून केलेली सरासरी. कुठल्या चलनाला किती वजन हे मध्यवर्ती बँक जाहीर करत नाही, पण दिनारची चाल पाहिली तर डॉलरचं वजन सगळ्यात मोठं आहे हे कळतं. 2003 च्या जानेवारीत आखाती देशांचं एकच चलन करायचं ठरत होतं म्हणून कुवेतने दिनार थेट डॉलरला बांधला. पुढे डॉलर घसरू लागला, युरोपातून येणारा माल महाग पडू लागला, महागाई वाढली, आणि सामायिक चलनाचं घोडंही अडलं. 20 मे 2007 ला, रविवारी, बँकेने पुन्हा टोपली स्वीकारली. त्या दिवशी आमच्या काउंटरवर मोठी धावपळ झाली, पण प्रत्यक्षात दिनार डॉलरच्या मानाने अर्धा टक्कासुद्धा वाढला नव्हता. शेजारचे सौदी, अमिराती, कतार, बहरीन आणि ओमान डॉलरलाच बांधलेले राहिले. कुवेत एकटं टोपलीवर आहे. या निर्णयाचं मला आजही कौतुक वाटतं. वजनं गुप्त ठेवल्यामुळे सट्टेबाजाला हल्ला करायला नेमकी जागा सापडत नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की दिनार आणि डॉलरचा दर रोज हजारातल्या एक-दोन भागांनी हलतो. तुमच्या हातात येणारे रुपये हलतात ते डॉलर आणि रुपयामुळे. एक्स्चेंजवाला दिनार घेतो, त्याचे डॉलर करतो, डॉलर भारतातल्या बँकेला विकून रुपये मिळवतो आणि ते तुमच्या घरच्या खात्यात जमा करतो. मोबाइलवर दिसणारा दर हा बँका-बँकांमधला घाऊक दर असतो. काउंटरवर तो थोडा कमी मिळणार, शिवाय कमिशन. हे कमिशन बहुतेक वेळा रकमेवर नसतं, दर खेपेला ठरावीक असतं. म्हणून दर आठवड्याला 25-25 दिनार पाठवण्यापेक्षा महिन्यातून एकदा 100 पाठवा. चार पावत्यांची तीन कमिशनं वाचतात.

दराची वाट पाहत बसणाऱ्यांविषयी थोडं बोलायला हवं, कारण यात मी माणसांचं नुकसान झालेलं पाहिलं आहे. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया कोसळला. 28 तारखेला डॉलर 68 च्या पुढे गेला आणि दिनार 240 रुपयांच्या घरात. आमच्या दारात फहाहीलच्या रस्त्यापर्यंत रांग गेली होती. लोक मित्रांकडून उसने घेऊन, क्रेडिट कार्डावरून पैसे काढून पाठवत होते. त्यानंतर पुढची दोन वर्षं कितीतरी जण "पुन्हा 240 होऊ दे" म्हणून पैसे अडवून बसले. त्यातल्या एकाचं गावी घराचं कर्ज चालू होतं. दर रुपया-दोन रुपयांनी वाढेल म्हणून त्याने सात महिने पैसे पाठवले नाहीत आणि बँकेचं व्याज व दंड त्याच्या चौपट भरला. हिशेब साधा आहे. 100 दिनार पाठवताना दरात 50 पैशांचा फरक म्हणजे 50 रुपये. त्यासाठी कर्जाचा हप्ता चुकवू नका. घरखर्चाचे आणि हप्त्याचे पैसे पगार झाल्याबरोबर पाठवावेत. शिल्लक उरली तर तिच्यासाठी वाट पाहायला हरकत नाही.

आणि दशांशचिन्ह. कुवेतमध्ये दिनार नेहमी तीन घरांपर्यंत लिहितात. दीड दिनार 1.500 असा, साडेचारशे फिल्स 0.450 असा. 1997 च्या सुमारास संगमेश्वरकडचा एक मुलगा पहिल्या पगाराची स्लिप घेऊन आला. त्यावर 142.500 लिहिलं होतं. आदल्या रात्री त्याने घरी फोन करून एक लाख बेचाळीस हजार पाचशे सांगितले होते. घरच्यांनी गावात पेढे वाटले होते. मी कागदावर दिनार आणि फिल्स वेगळे करून दाखवले, साडेबेचाळीस अधिक शंभर दिनार, त्या वेळच्या दराने जेमतेम 17,000 रुपये. तो बराच वेळ काचेला हात लावून तसाच उभा राहिला. तुमच्या करारपत्रावर 150.000 असं लिहिलेलं असेल. ते दीड लाख नव्हेत, दीडशे दिनार. तिथे 100 फिल्सला 'दिरहम' म्हणतात, पाव दिनारच्या नोटेला 'रुबा' आणि अर्ध्या दिनारला 'नुस'. टपरीवाला "दिरहम" म्हणाला तर दुबईचे पैसे शोधू नका.

आता तुमचे 150. 2024 च्या दराने गुणले तर 40,500 रुपये होतात. पण गुणाकार पूर्ण पगाराचा करायचा नाही, महिनाअखेर उरतील त्या दिनारांचा करायचा. खर्च तुम्ही दिनारमध्येच करणार आहात, आणि दुकानदार 150 दिनारवाल्याला वेगळा भाव लावत नाही. राहायला आणि जेवायला कंपनीचं असेल तर मेसचा वरखर्च, मोबाइल, साबण-तेल धरून 110 ते 120 सहज मागे पडतात. राहणं आणि खाणं दोन्ही तुमच्यावर असेल, तर चौघांच्या खोलीतली एक खाट आणि मेस मिळून 60-70 जातात, वर बसभाडं. मग 75 उरतील, म्हणजे 20,000 रुपये. चिपळूण किंवा पुण्यात एसीचं काम करून तुमच्या हातात आज काय उरतं त्याच्याशी या आकड्याची तुलना करा. म्हणून करारात पहिलं हे पाहा की राहण्याची सोय कोणाची. दुसरं, 150 हा मूळ पगार आहे की ओव्हरटाइम धरून. नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, जिला तिथे सगळे 'इन्डेम्निटी' म्हणतात, ती पगारावर मोजली जाते. 2010 च्या कामगार कायद्यानुसार महिना पगारवाल्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी 15 दिवसांचा आणि पुढे दर वर्षी एक महिन्याचा पगार. करारात मूळ पगार 90 आणि बाकी भत्ते असतील तर हाच हिशेब खाली येऊ शकतो. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का ते तपासा. त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दोन लाख मागत असेल तर तुमचे पहिले दहा महिने त्याच्यासाठीच जातील.

काही जण विचारतात की दिनार रोख जमवून गावी कपाटात ठेवावेत का, रुपया पडतोच आहे. माझं मत, नको. भारतात दिनारच्या नोटा विकायला गेलात तर दर फार कमी मिळतो, तालुक्याच्या गावी तर घेणाराच सापडत नाही. कायमचे परतल्यावर 2,000 डॉलरच्या मोलापेक्षा जास्त परदेशी नोटा घरात ठेवायला कायद्याने परवानगी नाही, आणि विमानतळावर 5,000 डॉलरच्या वर नोटा असतील तर जाहीर कराव्या लागतात. त्याहून मोठी गोष्ट, नोटा बदलतात. कुवेतने जून 2014 मध्ये सहावी मालिका आणली. त्याआधीची पाचवी मालिका चलनातून काढली आणि मध्यवर्ती बँकेत बदलून घ्यायला दहा वर्षांची मुदत दिली, ती एप्रिल 2025 मध्ये संपली. माझ्याकडे अजूनही गावाकडून फोटो येतात, "काकांच्या पाकिटात वीस दिनार निघाले, किती येतील?" फोटो पाहून उत्तर द्यायला जड जातं. चालू मालिका ओळखायची सोपी खूण सांगतो. अर्ध्या दिनारच्या हिरव्या नोटेवर मागे कासव आहे आणि पापलेट. तिथे त्याला झुबैदी म्हणतात आणि आपल्याइतक्याच प्रेमाने खातात. वीस दिनारच्या निळ्या नोटेवर मोती काढणारा पाणबुड्या आणि बूम. पैसे भारतातच वाढवायचे असतील तर एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं रुपयांतलं खातं) उघडून त्यात ठेव ठेवा, त्यावरच्या व्याजाला भारतात आयकर नाही.

राहता राहिली लाल नोट. ती आज कुठल्याही बँकेत चालणार नाही, भारतात तर ती कधीच चालत नव्हती. पण जुन्या नोटा जमवणाऱ्यांमध्ये गल्फ रुपयाला चांगली मागणी आहे, कारण बहुतेक नोटा परत घेऊन नष्ट झाल्या. तिला इस्त्री करू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका, चिकटपट्टी लावू नका. कडक प्लास्टिकच्या पाकिटात सरळ ठेवा. विकायची असेल तर मुंबईत नाणी आणि नोटांचा रीतसर लिलाव करणाऱ्या दोन-तीन संस्थांना दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून अंदाज घ्या, पहिल्याच विचारणाऱ्याला देऊ नका. आणि घरात कोणाला माहीत असेल तर विचारून घ्या की आजोबा नेमके कुठल्या साली आणि कुठे होते. 1961 च्या एप्रिलपूर्वी कुवेतमध्ये असतील, अहमदीच्या तेलवसाहतीत किंवा बंदरावर, तर नोट बदलून घेण्याच्या दिवसांत त्यांनी ही एक मुद्दाम मागे ठेवली असणार. त्यांचा जुना पासपोर्ट ट्रंकेत असेल तर तोही नोटेबरोबरच ठेवा.